तांबे, काच, सूत आणि तारापूरचे इंधन : उष्णतावहनाच्या रेणवीय सदृशीकरणाचा आढावा

सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींत तांबे शुद्ध केले जाते, प्रकाशीय तंतूंच्या केबली बनतात आणि पॉलिएस्टरचे सूत फार मोठ्या प्रमाणावर तयार होते; याच परिसरातील रांध्यासारख्या गावांत कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपून उभारलेल्या भिंतींची घरे अजून आढळतात; आणि दादरा व नगर हवेलीची हद्द ओलांडून पालघर जिल्ह्यात उतरले की समुद्रकाठी तारापूरच्या अणुभट्ट्या लागतात, ज्यांच्या पोटात युरेनियम डायऑक्साइडच्या भाजीव गोळ्या तापत असतात. या सर्व पदार्थांतून उष्णता वाहते, परंतु ती सारख्या सहजतेने वाहत नाही. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि एक मीटर जाडीच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंमध्ये एक केल्विनचा फरक कायम राखला असता त्यातून जितके वॅट पार होतात, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची उष्णतावाहकता. नेहमीच्या तापमानाला हा आकडा तांब्यासाठी सुमारे ४००, युरेनियम डायऑक्साइडसाठी ८ च्या आसपास, सिलिका काचेसाठी १.४ आणि पॉलिएस्टरसाठी अवघा ०.२ च्या आगेमागे येतो. दोन हजार पटींची ही तफावत कशातून निर्माण होते, आणि केवळ अणूंची मांडणी व त्यांच्यातील बले ठाऊक असताना ती संगणकावर आधीच काढता येते काय, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे.

उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा नियम जोसेफ फूरिये याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडला आणि अभियांत्रिकीतील बहुतेक सर्व व्यवहार आजही त्याच नियमावर चालतो. कुडाच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत यायला किती वेळ लागेल, हे काढण्यासाठी भिंतीची जाडी, मातीची घनता, विशिष्ट उष्णता आणि मोजून घेतलेली वाहकता एवढे पुरते. तिथे अणूंचा हिशेब मांडत बसणे म्हणजे धान्याची रास दाणे मोजून विकण्यासारखे होईल. फूरियेचा नियम वाहकतेचा आकडा वापरतो, पण तो आकडा कुठून येतो हे सांगत नाही. त्याचे पहिले खरे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. स्फटिकातील अणू आपापल्या जागी कंप पावतात, शेजाऱ्यांना ओढतात-ढकलतात, आणि या सामुदायिक कंपनांच्या लाटा स्फटिकातून ऊर्जा वाहून नेतात. क्वांटम सिद्धांतात या लाटांच्या पुडक्यांना फोनॉन म्हणतात. अणूंमधील बंध आदर्श स्प्रिंगसारखे असते, तर या लाटा एकमेकींतून निर्वेध पार झाल्या असत्या आणि वाहकता अनंत झाली असती. प्रत्यक्षात बंध ताणला असता एक वागतो आणि दाबला असता दुसरे, या विषमतेमुळे लाटा एकमेकींवर आदळतात, हे पीटर डिबाय याने १९१४ मध्ये सुचविले, आणि अशा टकरींपैकी नेमक्या कोणत्या टकरी उष्णतेची वाट खरोखर अडवतात, हे रुडोल्फ पायर्ल्स याने १९२९ मध्ये दाखविले.

पायर्ल्सचे समीकरण सुंदर असले तरी ते सुव्यवस्थित स्फटिकासाठी रचलेले आहे. काच, बहुवारिक, द्रव, भेगाळलेले वा किरणोत्साराने विस्कटलेले इंधन यांत लाटेला लाट म्हणून ओळखणेच अवघड होते. तेथे दुसरा मार्ग उरतो, तो म्हणजे लाटांची भाषा बाजूला ठेवून थेट अणू हलवून पाहण्याचा. रेणवीय गतिकी ही पद्धत नेमके हेच करते. काही हजार ते काही लाख अणूंची एक काल्पनिक पेटी घ्यायची, प्रत्येक अणूवर इतर अणूंमुळे पडणारे बल एका ठरावीक सूत्रावरून काढायचे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याचे त्वरण ठरवायचे, साधारणपणे एका सेकंदाच्या एक हजार अब्जांशाच्याही हजाराव्या भागाइतक्या, म्हणजे एका फेम्टोसेकंदाच्या, पावलाने सर्व अणू पुढे सरकवायचे, आणि हीच क्रिया लाखो-कोटी वेळा करायची. पेटीतून उजवीकडे बाहेर पडणारा अणू डावीकडून आत येतो, अशी चक्राकार सोय केलेली असते, जेणेकरून इवल्या पेटीला कडाच राहत नाहीत. बलाच्या ज्या सूत्रावर हे सारे उभे असते त्याला पोटेन्शियल म्हणतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या पद्धतीची अब्रू बहुतांशी त्याच्याच हाती असते.

या पद्धतीचा आरंभ सांगताना १९५७ मध्ये कठीण गोळ्यांच्या टकरी संगणकावर चालविणाऱ्या ऑल्डर व वेनराइट यांचे नाव घेतले जाते. परंतु खऱ्या पदार्थाची, खऱ्या बलांची पहिली नावाजलेली गणना एका हैदराबादी शास्त्रज्ञाची आहे. १९२७ मध्ये हैदराबाद येथे जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतील अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ८६४ अणूंचा द्रव आर्गॉन संगणकात हलवून पाहिला आणि त्याचा वृत्तांत १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. आज अमेरिकन फिजिकल सोसायटीचे संगणकीय भौतिकीतील पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाते. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख जेवढा असायला हवा तेवढा आढळत नाही, हेही येथे नोंदवणे भाग आहे.

अणू हलू लागले की तापमान मिळते, कारण अणूंची सरासरी गतिज ऊर्जा म्हणजेच तापमान. पण वाहकता आपोआप मिळत नाही, ती काढावी लागते, आणि ती काढण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रयोगशाळेची नक्कल करतो. पेटीचा एक भाग गरम ठेवायचा, दुसरा थंड ठेवायचा, मधल्या भागात तापमानाचा उतार स्थिर होऊ द्यायचा आणि दर क्षणी किती ऊर्जा ओतावी लागली ते मोजून फूरियेच्या नियमाने भागाकार करायचा. १९९७ मध्ये म्युलर-प्लाट याने यात एक चतुर उलटापालट केली: उतार लादून प्रवाह मोजण्याऐवजी थंड भागातील सर्वांत वेगवान अणूचा आणि गरम भागातील सर्वांत मंद अणूचा वेग परस्परांत बदलून प्रवाह लादायचा आणि उतार मोजायचा, प्रवाह आपणच लादलेला असल्याने त्याचा आकडा अचूक ठाऊक राहतो. हा मार्ग समजायला सोपा आहे, परंतु त्यातला उतार निसर्गात कुठेच नसतो. साठ नॅनोमीटर लांबीच्या पेटीत साठ केल्विनचा फरक ठेवला, तर तो मीटरमागे शंभर कोटी केल्विनचा उतार झाला. एवढ्या तीव्र उतारावरही पदार्थ फूरियेच्याच नियमाने वागतो, असे गृहीत धरावे लागते. बहुधा तो तसा वागतो, पण ते दर वेळी तपासून घ्यावे लागते.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे आणि त्यात उतार मुळी नसतोच. समतोलात असलेल्या पदार्थातही क्षणोक्षणी थोडी ऊर्जा इकडून तिकडे, तिकडून इकडे उसळत असते. सरासरी प्रवाह शून्य असला तरी क्षणिक प्रवाह शून्य नसतो. अशी एक उसळी उठल्यावर तिची आठवण पदार्थाला किती काळ राहते, हेच त्याच्या वाहकतेचे माप आहे, असे मेल्विल ग्रीन याने १९५४ मध्ये आणि र्‍योगो कुबो याने १९५७ मध्ये सिद्ध केले. ज्या पदार्थात उसळी दीर्घकाळ विरत नाही तो उत्तम वाहक, ज्यात ती लगेच विरते तो दुर्वाहक. म्हणून पेटीतील उष्णता-प्रवाहाची दीर्घ नोंद ठेवायची, या क्षणीच्या प्रवाहाचा नंतरच्या क्षणीच्या प्रवाहाशी किती मेळ बसतो ते काढायचे, आणि त्या मेळाची काळावर बेरीज करायची. तत्त्वतः हे निर्दोष आहे. व्यवहारात मात्र मेळ विरत जातो तसतसा तो गणनेच्या गोंगाटात बुडू लागतो आणि बेरीज कुठे थांबवायची हा प्रश्न उभा राहतो. लवकर थांबवली तर वाहकता कमी येते, उशिरा थांबवली तर गोंगाटच जमा होत राहतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे पुष्कळ स्वतंत्र गणना करून सरासरी घेणे. दहा नॅनोसेकंदांची एक गणना म्हणजे एक कोटी पावले, आणि अशा दहा-वीस गणना केल्याशिवाय चुकीची मर्यादा प्रामाणिकपणे सांगता येत नाही. एकाच गणनेवरून दशांशापर्यंत वाहकता छापणारे लेख अजूनही प्रसिद्ध होतात; वाचकाने अशा आकड्याकडे संशयाने पाहावे, हे उत्तम.

दोन मार्गांची उत्तरे जुळतात काय, याची नीट तपासणी शेलिंग, फिलपॉट व केब्लिन्स्की यांनी २००२ मध्ये सिलिकॉनवर केली आणि पेटीच्या आकाराचा परिणाम लक्षात घेतला तर ती परस्परांशी सुसंगत ठरतात, असे दाखविले. ‘आकाराचा परिणाम लक्षात घेतला तर’ या अटीतच सारी मेख आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात उष्णतेचा मोठा वाटा अशा फोनॉनांकडे असतो जे एक मायक्रोमीटरहून अधिक अंतर टक्कर न होता पार करतात, आणि संगणकातील पेटी बहुधा त्या अंतराच्या दहाव्या भागाइतकीही नसते. उष्ण-शीत पेटीत असा फोनॉन मध्येच भिंतीवर आदळतो आणि वाहकता कमी भरते. म्हणून निरनिराळ्या लांबीच्या पेट्या घेऊन वाहकतेचा व्यस्तांक लांबीच्या व्यस्तांकासमोर मांडायचा आणि सरळ रेषा अनंत लांबीपर्यंत वाढवून उत्तर वाचायचे, असा प्रघात पडला. फोनॉनांचे मुक्त पथ एकाच मापाचे असते तर हा प्रघात बिनचूक ठरला असता. ते नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत पसरलेले असल्याने रेषा खरे तर वक्र असते आणि लहान पेट्यांवरून वाढविलेली रेषा भलतीकडे नेते.

पेटी वाढवीत नेल्यावर उत्तर कधीतरी स्थिरावेल, ही अपेक्षासुद्धा सर्वत्र खरी नाही. लॉस अलामॉस येथे फर्मी, पास्ता व उलाम यांनी मेरी त्सिंगू यांच्या आज्ञावलीच्या मदतीने विषम स्प्रिंगांची एक साखळी संगणकावर हलवून पाहिली आणि १९५५ च्या अहवालात नोंदविले की, ऊर्जा सर्वत्र वाटली जाण्याऐवजी जवळपास जिथून निघाली तिथे परत येते. एकमितीय साखळीत उष्णता सरळ वागत नाही, याची ती पहिली चाहूल होती. १९९७ मध्ये लेप्री, लिव्ही व पोलिती यांनी अशा साखळीची वाहकता लांबीबरोबर वाढतच जाते, असे दाखविले. २००२ मध्ये ओनुत्तम नारायण व श्रीराम रामस्वामी यांनी ती लांबीच्या एक-तृतीयांश घातांकाने वाढायला हवी, असे द्रवगतिकीच्या विचारातून मांडले. आणि बंगळूर येथील अभिषेक धर यांनी २००८ मध्ये या सर्व वादाचा जो विस्तृत आढावा घेतला तो आजही प्रमाण मानला जातो. जेथे वाहकता लांबीवर अवलंबून राहते तेथे ‘पदार्थाची वाहकता’ हा शब्दप्रयोगच डळमळतो. ग्राफीनच्या एकपदरी पत्र्यासाठी २००८ मध्ये सुमारे ५००० चा आकडा मोजला गेला. सदृशीकरणांतून मात्र पोटेन्शियल व आकार यांनुसार काही शेकड्यांपासून तीन हजारांपर्यंत काहीही आलेले आहे. कार्बनच्या नळीसाठी २००० मध्ये ६६०० चे भाकीत करणारा लेख फार गाजला, पण त्या आकड्याची गाज जितकी मोठी होती तितकी त्याची खात्री नव्हती, असेच म्हणावे लागते.

या चर्चेचा सिल्वासाच्या सुताशी दिसतो त्याहून जवळचा संबंध आहे. पॉलिएस्टर काय किंवा पॉलिथिन काय, बहुवारिक म्हणजे कार्बनी दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या. गोळा झालेल्या लोकरीप्रमाणे त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. साखळीच्या अंगाने उष्णता धावू शकते, पण एका साखळीवरून दुसरीवर उडी मारताना तिला फार क्षीण बलांचा आधार मिळतो, आणि गुंत्यात दर काही अंतरावर अशी उडी मारावीच लागते. म्हणूनच वाहकता ०.२ वर अडते. २००८ मध्ये हेन्री व चेन यांनी पॉलिथिनची एकटी, ताठ साखळी संगणकात घेऊन पाहिली, तेव्हा तिची वाहकता अतिशय मोठी, कदाचित अमर्यादही, निघाली. फर्मीच्या साखळीचे भूत येथेही हजर होते. ही केवळ कागदावरची गंमत राहिली नाही. २०१० मध्ये चेन यांच्याच गटाने पॉलिथिनचे अतिशय ताणलेले सूक्ष्म तंतू बनवून त्यांची वाहकता सुमारे १०४ मोजली, म्हणजे नेहमीच्या पॉलिथिनच्या शेकडो पट. रेणवीय सदृशीकरणाने प्रयोगाच्या आधी वाट दाखविली, अशी जी मोजकी उदाहरणे आहेत त्यांत हे अग्रभागी आहे. सूत ओढताना साखळ्या लांबीच्या दिशेने थोड्याफार सरळ होतातच, आणि ओढलेल्या धाग्याची वाहकता लांबीच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा अधिक असते, ती याच कारणाने.

बहुवारिकांत या पद्धतीची एक मूलभूत उणीवही उघडी पडते. न्यूटनच्या नियमांनी हलणारा अणू आपल्या प्रत्येक कंपनात तापमानानुसार पूर्ण वाटा ऊर्जा घेतो; क्वांटम निसर्गात मात्र अतिवेगाने कंपणाऱ्या बंधांना नेहमीच्या तापमानाला जवळपास काहीच मिळत नाही. कार्बन-हायड्रोजन बंध सेकंदाला सुमारे नव्वद हजार अब्ज वेळा कंपतो, तर ३०० केल्विनच्या उष्णतेला साधारण सहा हजार अब्जांपर्यंतचीच कंपने नीट जागी करता येतात. परिणामी सदृशीकरणातील प्लास्टिकची विशिष्ट उष्णता खऱ्या प्लास्टिकपेक्षा बरीच जास्त निघते. काही संशोधक हायड्रोजनला कार्बनमध्येच विरघळवून टाकतात आणि दोन्ही मिळून एकच जड कण मानतात. त्याने गणना वेगवान होते आणि चूकही काही प्रमाणात झाकली जाते, पण झाकलेली चूक ही दुरुस्त केलेली चूक नव्हे.

काचेच्या बाबतीत चित्र अधिक समाधानकारक आहे. प्रकाशीय तंतूचा गाभा असलेल्या सिलिका काचेत सिलिकॉन व ऑक्सिजन यांची चौफळी घडण शेजारापुरती नीट असते, पण दूरवर तिची पुनरावृत्ती होत नाही. त्यामुळे लांब लाटा सोडल्या तर बहुतेक कंपनांना दिशा किंवा मुक्त पथ असे काही सांगताच येत नाही. ऍलन व फेल्डमन यांनी अशा कंपनांचे तीन वर्ग केले: लाटेप्रमाणे पळणारी, शाईच्या थेंबाप्रमाणे पसरत जाणारी आणि एका जागी अडकून बसणारी, काचेतील उष्णतेचा बहुतांश भार दुसऱ्या वर्गाकडे असतो. रेणवीय गतिकीला हे वर्गीकरण आधी ठाऊक असण्याची गरज नसते. ती अणू हलवते आणि उत्तर देते. शिवाय काचेतील ऊर्जेची स्मृती अत्यल्प काळात विरते, म्हणून लहान पेटी व छोटी नोंद पुरते आणि आकाराची ती सारी कटकट येथे जवळपास नाहीशी होते. चांगला पोटेन्शियल असेल तर नेहमीच्या तापमानाला काचेचा आकडा प्रयोगाच्या बराच जवळ येतो. कमी तापमानाला तो बिघडतो, आणि त्याचे कारण वर सांगितलेली क्वांटम उणीवच. ही पद्धत ज्या पदार्थांसाठी अन्य सिद्धांत लंगडे पडतात तेथेच सर्वांत भरवशाची ठरते, ही तिची खरी योग्यता आहे, आणि निर्दोष स्फटिकांच्या चमकदार आकड्यांमागे धावताना ती पुष्कळदा विसरली जाते.

दोन पदार्थ जेथे भेटतात त्या सीमेवरही हेच दिसते. द्रव हेलियम व तांबे यांच्या सीमेवर तापमान एकदम उडी घेते, हे कापित्सा याने १९४१ मध्ये दाखविले आणि ही सीमारोधकता पुढे सर्वच सांध्यांत आढळली. एखाद्या मध्यम प्रतीच्या सांध्याची वाहकता चौरस मीटरमागे व केल्विनमागे दहा कोटी वॅट धरली, तर तो सांधा चौदा नॅनोमीटर काचेइतका अडसर करतो; भिंतीच्या दृष्टीने हे नगण्य, पण संगणकाच्या चिपमधील थरांच्या दृष्टीने प्राणघातक आहे. सांध्यावरील अणूंची विस्कटलेली मांडणी रेणवीय गतिकी जशीच्या तशी हाताळू शकते, आणि म्हणून या विषयातील आजच्या सदृशीकरणांपैकी मोठा भाग सांध्यांवरच खर्ची पडतो.

महाराष्ट्राच्या भूमीवर या पद्धतीचे सर्वांत अर्थपूर्ण काम झाले ते मात्र अणुइंधनासाठी. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र ऑक्साइड इंधन बनविण्याची सोयही भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरलाच उभारली. इंधनाच्या कांडीत उष्णता गोळीच्या आतच निर्माण होते आणि तिला बाहेर पडण्यासाठी गोळीतूनच वाट काढावी लागते. गोळीच्या मध्याचे आणि पृष्ठाचे तापमान यांतील फरक हा कांडीच्या मीटरमागील शक्तीला वाहकतेच्या ४π पटीने भागून मिळतो आणि, पहिल्यांदा नवल वाटेल, पण त्यात गोळीची जाडी येत नाही. मीटरमागे ४० किलोवॅट धरले आणि वाहकता ३ मानली, तर हा फरक सुमारे १०६० अंशांचा होतो; वाहकता २.५ पर्यंत घसरली तर तोच फरक सुमारे १२७० अंशांवर जातो. वाहकतेतील अर्ध्या एककाचा बदल मध्यावर दोनशे अंशांची भर घालतो, आणि म्हणून वितळणबिंदूपासून किती अंतर राखले आहे हे ठरविताना हा आकडा सर्वांत आधी विचारला जातो. युरेनियम डायऑक्साइडची वाहकता नेहमीच्या तापमानाला ८ च्या जवळ असली तरी हजार अंश सेल्सियसला ती ३ च्या आसपास उतरते, आणि भट्टीत जळत जाताना झेनॉनसारखे वायू, विखंडनातून आलेली परकी मूलद्रव्ये व जागोजाग रिकाम्या झालेल्या अणूंच्या जागा यांमुळे ती आणखी ढासळते. जळालेले इंधन हाताळून मोजणे अत्यंत कठीण, खर्चिक आणि धोक्याचे असते. संगणकात मात्र हवी तेवढी झेनॉनची अणुसंख्या, हवा तेवढा प्लुटोनियमचा वाटा विनासायास मिसळता येतो.

यासाठी लागणारा पोटेन्शियल ट्रॉम्बेतूनच आला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील सी. बी. बसाक, ए. के. सेनगुप्ता आणि एच. एस. कामत यांनी २००३ मध्ये युरेनियम डायऑक्साइडच्या उष्णताविषयक गुणधर्मांचे रेणवीय सदृशीकरण प्रसिद्ध केले. त्यांच्या सूत्रात अणूंवरील विद्युत्भार पूर्ण आयनी भारापेक्षा कमी धरलेला आहे, आणि युरेनियम-ऑक्सिजन बंधातील सहसंयुजी वाट्यासाठी एक वेगळे पद जोडलेले आहे. त्यामुळे तापल्यावर जालक किती प्रसरण पावते हे त्यातून चांगले निघते. ‘बसाक पोटेन्शियल’ या नावाने ते सूत्र पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले, आणि इंधनाच्या पोटेन्शियलांची तुलना करणाऱ्या लेखांत ते बहुधा असतेच. भट्टी, प्रक्षेपक, यान यांच्या बातम्या होतात. एका सूत्राची बातमी होत नाही, परंतु उपयोगाच्या दृष्टीने पाहता त्या सूत्राचा पल्ला लहान नाही. ट्रॉम्बेतून नंतर थोरियम डायऑक्साइड व त्याच्या मिश्रणांवरही याच पद्धतीने काम झाले आहे, कारण भारताच्या दीर्घकालीन अणुकार्यक्रमाची भिस्त केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमधल्या थोरियमवर आहे.

थोरियम व युरेनियम यांची तुलना या पद्धतीच्या मर्यादेचा उत्तम धडा देते. दोघांचे ऑक्साइड एकाच घडणीचे स्फटिक बनवितात, अणुवस्तुमाने २३२ व २३८ म्हणजे जवळजवळ सारखी, तरीही थोरियम डायऑक्साइडची वाहकता ठळकपणे अधिक असते. याचे एक कारण युरेनियमच्या बाहेरच्या कक्षेतील जे इलेक्ट्रॉन चुंबकीय गुण धारण करतात त्यांत आहे. त्यांच्या फिरकीशी फोनॉन आदळतात आणि उष्णतेची वाट अडते. रेणवीय गतिकीत इलेक्ट्रॉन नसतातच, फिरकीही नसते, त्यामुळे युरेनियम डायऑक्साइडची वाहकता मध्यम तापमानाला प्रत्यक्षाहून जास्त निघते, तर थोरियमच्या बाबतीत ही अडचण येत नाही. उलट, अतिउच्च तापमानाला युरेनियम डायऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनच थोडी उष्णता वाहू लागतात आणि मोजलेली वाहकता पुन्हा चढते. सदृशीकरणातील रेषा मात्र खालीच जात राहते. म्हणजे एकाच पदार्थात ही पद्धत एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी सांगते, आणि मधे कुठेतरी दोन चुकांची वजाबाकी होऊन उत्तर अगदी बरोबर दिसते. त्या मधल्या तापमानाला आकडा जुळला म्हणून पोटेन्शियल खरा ठरत नाही. युरेनियममध्ये इतर मूलद्रव्ये मिसळल्यास वाहकता किती टक्क्यांनी घटेल, अशा तुलनात्मक प्रश्नांना मात्र या पद्धतीची उत्तरे विश्वसनीय असतात, कारण दोन्ही बाजूंची चूक सारखीच असते. इंधन अभियंत्याला प्रत्यक्षात हवे असते तेही बहुधा एवढेच.

पोटेन्शियलखेरीज आणखी एका ठिकाणी ठेच लागते, आणि ती ठेच वर्षानुवर्षे कुणाच्या फारशी लक्षात आली नव्हती. उष्णतेचा क्षणिक प्रवाह काढण्यासाठी एकूण ऊर्जा प्रत्येक अणूच्या नावे वाटून द्यावी लागते. दोन अणूंमधील बंधाची ऊर्जा निम्मी-निम्मी वाटता येते, पण तीन-चार अणूंच्या कोनावर अवलंबून असलेली ऊर्जा कशी वाटायची, याला एकच एक उत्तर नाही. २०१५ मध्ये झेयाँग फान व सहकाऱ्यांनी दाखविले की, अनेकाणू पोटेन्शियलांसाठी सर्रास वापरले जाणारे प्रवाहाचे सूत्र चुकीचे उत्तर देते आणि ग्राफीनसारख्या पदार्थांत ही चूक मोठी असते. लॅम्प्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीतही ही दुरुस्ती नंतरच आली. त्याआधी प्रसिद्ध झालेले कित्येक आकडे आता पुन्हा काढावे लागतात. २०१६ मध्ये मार्कोलोंगो, उमारी व बारोनी यांनी मात्र एक दिलासाही दिला: ऊर्जेची वाटणी अनेक प्रकारे करता आली तरी प्रवाहाचे सूत्र त्या वाटणीशी सुसंगत असेल, तर अंतिम वाहकता एकच येते. याच विचारातून पोटेन्शियल मुळीच न वापरता क्वांटम गणितातून थेट बले काढून वाहकता मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला.

तो मार्ग इतका महाग आहे की, शे-दोनशे अणू आणि काही पिकोसेकंद यांपलीकडे जाताना दम लागतो. मधला रस्ता गेल्या दीड दशकात रूढ झाला. २००७ मध्ये बेहलर व पारिनेल्लो यांनी चेतापेशींच्या धर्तीवरील गणिती जाळ्याला क्वांटम गणनांचे नमुने दाखवून त्याच्याकडूनच बले वदवून घेतली. आज अशा शिकविलेल्या पोटेन्शियलांनी सिलिकॉनपासून काचेपर्यंत बहुतेक पदार्थांत जुन्या सूत्रांना मागे टाकले आहे. त्यांना लागणारी यंत्रे महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बांधला. त्याच संस्थेतील परम सिद्धी-एआय हा २०२० च्या नोव्हेंबरमधील जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता, आणि राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसविला गेला. अडचण यंत्रांची उरलेली नाही. अडचण आहे ती शिकविलेला पोटेन्शियल आपल्या नमुन्यांबाहेर गेल्यावर काय करील याची, कारण तो चुकताना कचरत नाही. तापमान वाढले किंवा एखादा अनोळखी दोष समोर आला, की तो तितक्याच आत्मविश्वासाने निरर्थक बल सांगतो. जुन्या सूत्राची चूक निदान ओळखीची असे.

राहिले तांबे. तांब्यात उष्णता वाहण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे मोकळे इलेक्ट्रॉन करतात. अणूंच्या कंपनांकडे चारशेपैकी जेमतेम काही टक्के वाटा येतो. रेणवीय गतिकीने तांब्याचा ठोकळा घेतला, पेटी कितीही मोठी केली, पोटेन्शियल कितीही उत्तम शिकविला आणि परम सिद्धी महिनाभर चालविला, तरी तिच्या हाती तो काही टक्क्यांचा वाटाच लागेल. उलट, विडेमन व फ्रांझ यांनी १८५३ मध्ये सांगितलेल्या नात्याप्रमाणे धातूची विद्युत्वाहकता मोजली की उष्णतावाहकता तीवरून काढता येते. २० अंश सेल्सियसला तांब्याचा विशिष्ट रोध मीटर एककात १.६८ भागिले दहा कोटी ओहम असतो. त्यावरून सुमारे ४२५ हे उत्तर येते आणि मोजलेले मूल्य ४०० आहे. तांब्यासाठी महासंगणक लागत नाही. रोध मोजणारे साधे यंत्र आणि कागद-पेन्सिल पुरते.